२ जीबीच्या डेटात मावणारे गेम

रोजचा पॅक २ जीबीचा आणि मोठ्या कंपनीचा नवा गेम १०० जीबीच्या पुढे. व्हॉट्सअॅपसुद्धा बंद ठेवलं तरी तो उतरवायला ५० दिवस लागणार. मध्येच १० जीबीचं अपडेट आलं की आणखी ५ दिवस. उतरलाच, तर लातूर-नांदेडच्या होस्टेलांत फिरणाऱ्या सेकंड हँड लॅपटॉपवर तो चालत नाही, नुसता पंखा किंचाळतो. उलट ‘अ शॉर्ट हाइक’ हा गेम साधारण ४०० एमबीचा. जेवायला बसण्याआधी डाउनलोडला लावला तर ताट धुवेपर्यंत उतरलेला असतो, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. २०२० साली स्वतंत्र गेमांच्या जगातला सर्वांत मानाचा पुरस्कार, आयजीएफचा (इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा) ‘ग्रँड प्राइझ’, यालाच मिळाला. तरी आपल्याकडे दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं.

अशा गेमांना इंडी गेम म्हणतात. इंडी म्हणजे इंडियाचा नव्हे, इंडिपेंडंटचं ते लाडाचं रूप. एखादा माणूस किंवा चार-पाच जणांची टोळी स्वतःच्या पैशावर, मोठ्या प्रकाशकाच्या तंत्राने न चालता जे बनवते ते इंडी. व्याख्या थोडी ढिली आहे, पुढे एक-दोन नावं तिच्या कडेला बसतात, पण कामापुरती ती पुरते.

चांगला गेम दिसत का नाही?

कारण गर्दी. स्टीम हे संगणकावरच्या गेमांचं सर्वांत मोठं दुकान. २०१७ पासून तिथे १०० डॉलर भरले की कुणालाही आपला गेम मांडता येतो. परिणाम असा की २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे दिवसाला ५० च्या आसपास. सोमवारच्या बाजारात ५० नवे भाजीवाले बसले आणि प्रत्येकाला पाल एकाच मापाची मिळाली, तर गिऱ्हाईक आधी घोळका असेल तिकडेच जातं. दुकानाचं गणितही तसंच चालतं: जे विकलं जातंय ते वर, जे विकलं जात नाही ते आणखी खाली. किमान १० अभिप्राय येईपर्यंत गेमच्या पानावर ‘पॉझिटिव्ह’, ‘मिक्स्ड’ असा शेराही उमटत नाही. त्यात दुकानाचा वाटा साधारण ३० टक्के. उरलेल्यातून कर आणि पोट भागवायचं, मग जाहिरातीला काय राहणार?

म्हणून पहिल्या पानावर जे दिसतं त्यावर विसंबू नका. आयजीएफच्या यादीत विजेत्यापेक्षा नामांकनं आणि ‘ऑनरेबल मेन्शन’ बघा, खरा माल तिथे असतो. स्टीमवर फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये ‘नेक्स्ट फेस्ट’ भरतो, तेव्हा येऊ घातलेल्या गेमांचे शेकडो डेमो फुकट मिळतात. शिवाय एखादा गेम आवडला की त्याच्या पानावरची ‘मोअर लाइक धिस’ची रांग उघडायची.

आधी मशीन ओळखा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, डीएक्सडायग (dxdiag) असं इंग्रजीत टाइप करा, एंटर मारा. पहिल्या पानावर रॅम आणि प्रोसेसर दिसतो, ‘डिस्प्ले’च्या पानावर ग्राफिक्स. तिथे इंटेल एचडी किंवा यूएचडी लिहिलं असेल आणि दुसऱ्या कार्डाचं नाव कुठल्याच पानावर नसेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही असं समजा. असं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच उसनी घेतं. म्हणून ४ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ब्राउझरने खाऊन उरलेल्या दीड-दोन जीबीत गेमला संसार करावा लागतो.

यातली एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता एकपदरी राहतो. दोन सारख्या पट्ट्या बसवल्या की तो दुपदरी होतो, आणि रॅमवरच जगणाऱ्या इंटेल ग्राफिक्सला त्याचा फायदा सर्वांत जास्त. म्हणून ८ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि तिथे ‘मेमरी’ उघडलं की दोनपैकी किती खाचा भरल्यात ते दिसतं. पट्टी घेताना डीडीआर ३ की डीडीआर ४ हे बघूनच घ्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे ऊन. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर गेला की खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की पंख्याने ती फेकून लॅपटॉप गार होत नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि सकाळी सुरळीत चाललेला गेम दुपारी अडखळायला लागतो. लोक गेमला शिव्या देतात. त्यावर इलाज असे: लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची कड दोन बोटं उचलून खाली टेकू द्या. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा ३० करा, असल्या शांत गेमांत फरक जाणवत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक प्रोसेसरांचा ‘टर्बो’, म्हणजे गरजेला जादा वेग घेण्याची सोय, बंद होतो आणि उष्णता बरीच उतरते. कूलरसमोर मात्र लॅपटॉप ठेवू नका. त्या हवेत ओल असते आणि कधी कधी थेंबही.

इंग्रजी किती लागतं ते बघून निवडा

शिफारशींच्या याद्यांत ही गोष्ट कुणी लिहीत नाही, कारण याद्या करणाऱ्यांना ती अडचणच नसते. आपल्याकडे आधी हेच विचारायला हवं. काही गेम इतके शब्दाळ असतात की डिक्शनरी घेऊन बसावं लागतं, काहींत एकही अक्षर नसतं.

एकही शब्द नसलेल्यांत ‘गोरोगोआ’. जेसन रॉबर्ट्स या एका माणसाने वर्षानुवर्षं खपून हाताने काढलेला, २०१७ मध्ये आलेला हा गेम. पडद्यावर दोन गुणिले दोन अशा चार चौकटी. प्रत्येकीत एक चित्र, आणि चित्रं उचलून इकडची तिकडे ठेवायची. एका चौकटीत झाडाची फांदी, दुसरीत वाटी घेतलेला मुलगा. दोन्ही वर-खाली नेमक्या जागी आल्या की वरचं फळ खालच्या वाटीत. अशी पाच फळं गोळा करायची. अडकलात तर दोन गोष्टी करा: प्रत्येक चित्र शेवटपर्यंत झूम करून आत शिरा आणि तितकंच बाहेर या, मग एखाद्या चित्रात खिडकी, दार, कमान अशी पोकळी आहे का ते शोधा. ती चौकट उचलली की मागे दुसरंच चित्र निघतं. दोनेक तासांत संपतो आणि मोबाइलवरही मिळतो.

‘बाबा इज यू’मध्ये शब्द आहेत, पण मोजून मापून. हा बाबा आपला नव्हे, तो पांढरा, सशासारखा प्राणी आहे. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने बनवलेला हा गेम २०१९ मध्ये आला, जेमतेम २०० एमबीचा. नियम पाटीवरच ठोकळ्यांनी लिहिलेले असतात: ‘वॉल इज स्टॉप’ असेल तोवर भिंत अडवते. त्यातला ‘स्टॉप’ धक्का देऊन बाजूला केला की त्याच भिंतीतून आरपार चालत जा. ‘फ्लॅग इज विन’ जमत नसेल तर ‘वॉल इज विन’ जुळवा आणि भिंतीला हात लावून जिंका. वाक्य डावीकडून उजवीकडे किंवा वरून खालीच वाचलं जातं, उलटं नाही. नवखे इथेच फसतात. दुसरी फसगत म्हणजे ‘बाबा इज यू’ हेच वाक्य चुकून मोडणं. मग पडद्यावर तुमचं असं काहीच उरत नाही, सगळं ठप्प होतं. घाबरू नका, झेड दाबलं की एकेक पाऊल मागे येतं आणि आर दाबलं की कोडं पहिल्यापासून. ठोकळा कोपऱ्यात गेला की बाहेर येत नाही, कारण इथे एरवी ढकलता येतं, ओढता येत नाही. दोनशेच्या वर कोडी आहेत. तिसऱ्या-चौथ्या भागापासून ती इतकी वाईट होतात की एकावर दोन दिवस गेले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

‘अ शॉर्ट हाइक’मध्ये संवाद आहेत, पण दहावीचं इंग्रजी पुरतं. क्लेअर नावाची नायिका एक पक्षी आहे, ती डोंगराच्या पायथ्याशी आलेली असते. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायची आहे आणि रेंज फक्त शिखरावर. बालाघाटच्या डोंगरातल्या वस्त्यांवर ज्यांनी एक दांडी मिळावी म्हणून टेकडी चढली असेल त्यांना कथा समजावून सांगायची गरज नाही. सोनेरी पिसं जमवली की जास्त वेळ चढता येतं, हवेत जास्त उडी मारता येते. सरळ शिखराकडे धावलात तर थंडीत आणि कड्यावर अडकाल. आधी खाली भटका, नाणी गोळा करा, लोकांची बारीकसारीक कामं करा. चित्र फार खडबडीत वाटलं तर सेटिंगमध्ये पिक्सेलचा आकार लहान करता येतो. पण लॅपटॉप अगदीच म्हातारा असेल तर तो मोठाच राहू द्या, काम हलकं होतं.

भाषाच कोडं

‘चँट्स ऑफ सेनार’ मराठवाड्यातल्या वाचकाने खेळायलाच हवा असा गेम आहे. फ्रान्समधल्या रंडिस्क या छोट्या स्टुडिओचा हा गेम २०२३ मध्ये आला. एक प्रचंड बुरूज, प्रत्येक मजल्यावर वेगळे लोक, प्रत्येकाची वेगळी लिपी. आणि तुम्हाला यातलं काहीच येत नाही.

देगलूरच्या बाजारात तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, संभाजीनगरच्या गल्लीत दखनी. शाळेत न शिकताही आपण त्यातलं थोडं उचलतो ते कसं? समोरच्याने बोट दाखवलं, पिशवी उघडली, मान हलवली, आणि त्याच वेळी तोच शब्द तिसऱ्यांदा आला. गेममध्ये नेमकं हेच करायचं असतं. सुरुवातीला एक दार आणि एक दांडा. दांडा इकडे केला की दार उघडतं, तिकडे केला की मिटतं, आणि दोन्ही बाजूंना चिन्हं लिहिलेली असतात. दोन्ही पाट्यांवर सारखं असलेलं चिन्ह बहुधा ‘दार’, बदलणारं ‘उघड’ किंवा ‘मीट’. एवढ्या तीन शब्दांवर पुढची अख्खी वाक्यं सुटत जातात.

तुमचा अंदाज बरोबर की चूक हे गेम लगेच सांगत नाही. वहीच्या एका पानावर काही चित्रं येतात, प्रत्येकाखाली चिन्ह ठेवायचं, आणि त्या पानावरची सगळी बरोबर असतील तरच शिक्का बसतो. त्यामुळे एक चूक तीन बरोबर उत्तरंही लटकवून ठेवते. लोक इथे कंटाळून सोडतात. त्यापेक्षा ज्याची खात्री नाही तेवढंच चिन्ह बदलून बघा, बाकीची हलवू नका.

खरी गंमत व्याकरणात. एका मजल्यावर अनेकवचन करताना चिन्ह दोनदा लिहितात, दुसऱ्यावर त्यासाठी वेगळं चिन्ह आहे. शाहिरांच्या मजल्यावर कर्म वाक्याच्या सुरुवातीला येतं, मग कर्ता, मग क्रियापद: ‘आंबा मी खातो’. मराठीत आपण शब्द असे हलवत असतोच, त्यामुळे इंग्रजी वाक्याला सरावलेल्यापेक्षा आपल्याला हे लवकर उमगायला हरकत नाही. अंदाज गेममध्येच नोंदवता येतात, पण शेजारी कागदी वही ठेवलेली बरी. एक चिन्ह, शेजारी मराठी शब्द, आणि तो कुठे दिसला ती जागा. मधे काही ठिकाणी पहारेकऱ्यांना चुकवत लपतछपत जावं लागतं. तो भाग मात्र उगाच घातल्यासारखा आहे.

६० माणसांचा हिशेब

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ला बाहेर बरंच नाव आहे. २०१९ चा तोच आयजीएफ पुरस्कार याला मिळाला. पण आपल्याकडे तो पोचलेलाच नाही, म्हणून इथे घेतला. लुकस पोप या एका माणसाने बनवला, २०१८ मध्ये आला, साधारण २ जीबी. १८०३ मध्ये बेपत्ता झालेलं जहाज १८०७ मध्ये परत येतं, आत जिवंत कुणी नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर एकूण ६० माणसं, त्यात हिंदुस्थानी खलाशीही. प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं हे वहीत भरायचं. हाताशी एक घड्याळ: प्रेताजवळ ते उघडलं की मरणाच्या आधीचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठून समोर उभा राहतो.

तीन माणसांचा तपशील बरोबर जुळला की तिन्ही एकदम पक्के होतात, एकेक नाही. म्हणून ठोकताळा मारून फारसं साधत नाही, पण दोघांची खात्री असेल तर तिसऱ्यावर पर्याय बदलून बघायला जागा राहते. चेहरा अंधुक दिसत असेल तर ओळखायला लागणारा पुरावा अजून हाती आलेला नाही, तिथे डोकं आपटू नका. चेहऱ्याजवळचे त्रिकोण अवघडपणा दाखवतात, एक त्रिकोणवाले आधी घ्या. नावं कळायला संवाद थोडेच कामाला येतात. कपडे, कोण कुणाबरोबर उभा आहे, आणि विशेषतः झोपायच्या झोळ्यांवरचे आकडे बघा. खलाशांच्या यादीतला क्रमांक आणि झोळीचा क्रमांक एकच असतो. हे एक कळलं की बरीच माणसं पटापट सुटतात.

चित्र फक्त दोन रंगांत आहे. डोळ्यांना त्रास झाला तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांच्या नावाने रंगजोड्या दिल्यात, त्यातली डोळ्यांना सोसेल ती लावा. इंग्रजी मात्र इथे जरा जड जातं. सबटायटल चालू ठेवाच.

क्रॉसिंगचा गेम

मनमाडहून परभणीकडे एकेरी लाइनवरून जाणाऱ्याला क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. समोरची गाडी येईस्तोवर परतूरला नाहीतर सेलूला खोळंबा. ‘ओपनटीटीडी’मध्ये तो खोळंबा स्वतः तयार करायला आणि सोडवायलाही मिळतो. काटेकोर बोलायचं तर हा इंडी नव्हे. १९९५ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’वरून स्वयंसेवकांनी २००४ पासून घडवलेला, पूर्ण फुकट आणि मुक्त स्रोत असलेला गेम आहे. कुठल्याही खटाऱ्यावर चालतो. फक्त पहिल्यांदा चालू करताना नेट असू द्या. सोबत चित्रांचा संच आला नसेल तर तो त्याच वेळी उतरवावा लागतो, आणि नेट नसेल तर गेम पुढे सरकत नाही.

सुरुवात कोळशाने करा. खाण आणि वीजकेंद्र यांच्यात नकाशावरचे ६० ते १०० चौकोन अंतर असलं की भाडं बरं मिळतं, दहा-वीस चौकोनांवर धंदा होत नाही. फलाट ५ चौकोनांचा घेतला तर इंजिन आणि ९ वाघिणी मावतात, कारण बहुतेक डबा अर्ध्या चौकोनाचा असतो. सेटिंगमध्ये बिघाड बंद किंवा कमी करून ठेवा, पहिल्या खेळात तो ताप नको.

मग दुसरी गाडी सोडता आणि सगळं अडतं. बहुतेक जण इथेच गेम काढून टाकतात. सिग्नलचा साधा अर्थ असा की ट्रॅकचा एक तुकडा तो राखतो आणि त्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पाथ सिग्नल जास्त शहाणं असतं. ते अख्खा तुकडा न अडवता गाडीच्या वाटेपुरता ट्रॅक राखून देतं, त्यामुळे जंक्शनमधून एकमेकींना न छेदणाऱ्या दोन गाड्या एकदम जाऊ शकतात. नेहमी पाथ सिग्नलच वापरा, आणि लावायची पद्धत अशी: जंक्शनच्या तोंडाशी सिग्नल, जंक्शनच्या पोटात एकही नाही. पोटात लावलं की गाडी तिथेच थांबते आणि शेपूट सांध्यावर राहून चारी वाटा बंद. बाहेर पडल्यावर पुढचं सिग्नल इतक्या अंतरावर हवं की अख्खी गाडी मधे मावेल.

एकेरी लाइनवर लूप, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला बाजूची जोडलाइन, काढताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, लूप गाडीपेक्षा आखूड. दोन गाड्या समोरासमोर येतात, एकीची शेपटी बाहेर राहते आणि दोघी जन्मभर एकमेकींकडे बघत उभ्या. दुसरी, सिग्नल लूपच्या सुरुवातीला. ते लूपच्या शेवटी हवं, जिथून गाडी पुन्हा एकेरी लाइनवर चढते तिथे, दोन्ही लाइनींवर आपापल्या दिशेचं एकमार्गी पाथ सिग्नल. टोकाच्या स्टेशनाला किमान दोन फलाट द्या. आणि लूप दोनच असताना सहावी-सातवी गाडी सोडायचा मोह आवरा, खऱ्या रेल्वेलाही तो परवडत नाही.

हेच सगळं हलक्या हाताने हवं असेल तर न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लबचा ‘मिनी मेट्रो’ मोबाइलवर घ्या. शब्द जवळजवळ नाहीत, आणि मुंबईचा नकाशाही आहे. एका लाइनवर सारख्या आकाराची स्टेशनं ओळीने जोडू नका. वर्तुळाच्या स्टेशनावर उभे असलेले प्रवासी दुसऱ्या वर्तुळाकडे जायला निघालेले नसतात, ते नुसते साचत जातात.

आपल्या स्वयंपाकघराजवळचे

‘वेंबा’ २०२३ मध्ये कॅनडाच्या विसाई गेम्सने काढला. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईची फाटकी, डागाळलेली पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी अंदाजाने भरायच्या. पहिलीच पाककृती इडलीची, आणि तिथलं कोडं आपल्या कुकरमधलंच: ताटल्या एकावर एक रचताना वरच्या ताटलीची भोकं खालच्या इडलीवर येऊ द्यायची, इडलीवर इडली आली तर वाफ नीट फिरत नाही. २०२४ चा आयजीएफ ग्रँड प्राइझ याला मिळाला. दीडेक तासाचा आहे, पैशाच्या मानाने लहान वाटेल. सेलमध्ये घ्या.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० चा. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्याला पुरेसे पैसे जमले नव्हते, तरी त्यांनी तो पुरा केला. गोलू या भावाला शोधणारी राजी, आणि राजस्थानी वाड्यांसारखी देखणी ठिकाणं. मारामारी थोडी जड हाताची आहे, कॅमेरा आपल्या हातात नसल्याने उडीचा अंदाज चुकतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

लॅपटॉपच नाही, फक्त अँड्रॉइड आहे? मग ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’. फुकट, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. तळघराचे २६ मजले खाली उतरायचं, आणि मेलात की पहिल्यापासून. दारात उभं राहून लढू नका, दाराच्या एक घर बाजूला थांबा. शत्रू दारातून आत आला की त्याला तुम्ही अचानक दिसता आणि तुमचा वार हमखास लागतो. अनोळखी बाटली पाण्याजवळ उभं राहून प्या, त्यात आग निघाली तर विझवायला पाणी हवं. अपग्रेडचे सगळे कागद एकाच शस्त्रावर नाहीतर एकाच चिलखतावर घाला. चार वस्तूंवर वाटणारे दहाव्या मजल्याच्या पुढे क्वचितच जातात. सोबत सायमन टॅथमचा कोड्यांचा संचही टाकून ठेवा, तोही फुकट, विनाजाहिरात, आणि आकाराने नगण्य.

घेणं, उतरवणं, टिकवणं

स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गेम नुसता मेन्यूवर उघडा ठेवून चहाला गेलात तरी तो वेळ धरला जातो. म्हणून नवा गेम घेतला की पहिली २० मिनिटं फक्त तपासणीला ठेवा: चालतो का, अक्षरं वाचता येतात का, लॅपटॉप किती तापतो. दीड तासाचा गेम संपवून पैसे परत मागणं नियमात बसतं, पण असं केलं की बनवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. एपिक स्टोअर या दुसऱ्या दुकानात दर गुरुवारी किमान एक गेम फुकट मिळतो, तो घेऊन ठेवा आणि उतरवा सवडीने. जीओजी या तिसऱ्या दुकानातून घेतलेल्या गेमची पूर्ण फाइल स्वतःकडे ठेवता येते, लॉगिनविना चालते. वरचेवर नेट जाणाऱ्या गावांत ते सोयीचं.

हॉटस्पॉटवर असाल तर विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ करा, नाहीतर रात्री विंडोजचं अपडेट सगळा पॅक खाऊन मोकळं. स्टीममध्ये प्रत्येक गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट ‘लाँच करताना’ असं ठेवा.

होस्टेलमध्ये तिघांना एकच गेम हवा असेल तर तिघांनी डेटा जाळायची गरज नाही. तिघांनीही तो विकत घेतलेला हवा. पण एकाने उतरवला की स्टीमच्या ‘डाउनलोड्स’ सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्कवरून फाइल देण्याची सोय ‘फ्रेंड्स’साठी चालू करायची, सगळे एकाच वाय-फायवर किंवा एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यायचे, दुसऱ्याने इन्स्टॉल दाबायचं. फाइल शेजारच्या लॅपटॉपवरून येते, पॅकमधून जवळजवळ काहीच जात नाही. होत नसेल तर तीन कारणं तपासा: देणारा त्या वेळी गेम खेळत नाही ना, दोघांचं स्टीम ऑनलाइन आहे ना, आणि विंडोजने ते नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून अडवलेलं नाही ना.

ऑफलाइन खेळायचं तर नेट असतानाच तयारी करा. अपडेट पुरं होऊ द्या, गेम एकदा उघडून मेन्यूपर्यंत जा, बंद करा, मग डावीकडे वर ‘स्टीम’च्या मेन्यूतून ‘गो ऑफलाइन’. अपडेट अर्धवट राहिलं असेल तर नेट गेल्यावर गेम उघडतच नाही. दोन मशीनवर खेळत असाल तर पुन्हा ऑनलाइन आल्यावर कोणता सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, ठेवायचा असं स्टीम विचारतं. तिथे तारीख-वेळ वाचूनच बटण दाबा, सवयीने पहिलं दाबलं तर आठवड्याची मेहनत पुसली जाते.

लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, डेस्कटॉपला नाही. सेव्ह लिहिला जात असताना लाइट गेली तर फाइल अर्धी राहते आणि पुन्हा उघडत नाही. कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरताना दिसलं की थांबा. ओपनटीटीडीत ऑटोसेव्हचं अंतर कमी करून ठेवा. तो जुन्या फाइली लगेच पुसत नाही, त्यामुळे शेवटची बिघडली तरी तिच्या आधीची उघडते.